मोडाचे पीठ आणि पेढीचा विश्वास

अहिल्यानगरच्या आडते बाजारात धान्याच्या पेढीवर बसणाऱ्याला गव्हाचे मोड म्हणजे नुकसान, एवढेच ठाऊक असते. काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला आणि ओंबीतच कोंब फुटले, की मालाचा भाव पडतो. त्यामुळे माझ्या मुलाने पुण्याहून मोड आलेल्या अख्ख्या गव्हाचा पाव मुद्दाम विकत आणला, याचे मला नवल वाटले.

पाव किंचित गोड, खमंग आणि चावून खाण्याजोगा होता. तव्यावर भाजल्यावर अधिकच रुचला. दाणा भिजून अंकुरला की त्यातील विकरे पिष्टाचे साखरेत रूपांतर करू लागतात. शेतात ही क्रिया अनावर झाली की कणीक चिकट होते. वेळीच थांबवली की चव खुलते. लोह आणि जस्त शरीरात शोषले जाण्यास अडथळा करणारे फायटिक आम्लही कमी होते. कोंड्यामुळे तंतू मिळतात. मात्र त्यात ग्लुटेन असतेच, आणि मधुमेहींनी हा पावही बेतानेच खावा.

मुलाला असे पीठ पेढीवर विक्रीस ठेवायचे होते. आपल्यातील अनेक घरांत अंकुरित धान्य अनंतकाय मानून वर्ज्य करतात. यीस्टचा पावही कित्येकांना चालत नाही. माझी आई त्यांपैकीच. तिने नातवाला अडवले नाही. ती एवढेच म्हणाली, "गिऱ्हाईक आपल्या भरवशावर पीठ नेते. आपल्या हातून त्याचा नियम मोडता कामा नये."

त्यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. अखेर ठरले, की या पिठाचे दळण वेगळे, फळी वेगळी आणि पाकिटावर 'अंकुरित' हा शब्द ठळक अक्षरांत. पाव घेणाऱ्यांनीही वेष्टन वाचावे. त्यावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिलेच नाव मैद्याचे असेल, तर तपकिरी रंगावर भुलू नये.

ज्यांना मोड वर्ज्य आहेत, त्यांना अख्ख्या धान्याचे सत्त्व आपल्या जिल्ह्याच्या ज्वारीतच मिळते. मालदांडी किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाची 'फुले रेवती' ताजी दळावी आणि पीठ बारीक चाळणीने चाळू नये. त्या भाकरीत कोंडा राहतो, ग्लुटेन नसते. आईच्या ताटात आजही तीच भाकरी असते आणि नातू शेजारी बसून आपला पाव खातो.