किती वॅटचा आहे?

हॉस्टेलवर कुणी नवीन स्पीकर आणला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘किती वॅटचा आहे?’ आवाज कसा आहे, गाण्यातले शब्द नीट कळतात का, हे सगळं नंतर. आधी वॅट! एकेकाळी कॉम्प्युटर स्पीकरच्या खोक्यावर ‘१००० वॅट पीएमपीओ’ असं ठळक छापलेलं असायचं आणि खोकं उघडलं की आत तळहाताएवढा स्पीकर आणि चार्जरएवढा अ‍ॅडॅप्टर. घरी हजार वॅटची इस्त्री लावली तर वीजबिलात कळतं. हा हजार वॅटचा स्पीकर मात्र बिलाला कधीच कळला नाही!

पुणेकरांना तर वॅटचं वेडच आहे. गणपतीत स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात, खिडक्यांची तावदानं थरथरतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती कुठे असते, हे मिरवणुकीच्या रात्री पेठेत राहणाऱ्यांना विचारावं.

गेल्या सुट्टीत मला मात्र बरोबर उलटा प्रश्न पडला. माझ्या हाताशी वॅट होते फक्त पाच आणि ऐकणारा होता ८२ वर्षांचा माणूस. म्हणजे माझे आजोबा.

आजोबांची खोली नारायण पेठेत. दहा बाय दहा. एक पलंग, एक लोखंडी कपाट, एक खुर्ची. वय झाल्यावर कानांचं जे होतं तेच त्यांचंही झालं आहे. आवाज येतो, पण शब्द लागत नाहीत. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘थ’ ही अक्षरं निसटतात, कारण ती वरच्या फ्रिक्वेन्सीला असतात आणि म्हातारपणी कान तिथूनच कमी व्हायला लागतो. काकाने त्यांना एक छोटा ब्लूटूथ स्पीकर आणून दिला होता. हळू लावला तर कळायचं नाही, मोठा केला की चिरकायचा. त्यात तो जोडायला दरवेळी फोन लागायचा. मग हळूहळू आजोबा म्हणायला लागले, ‘राहू दे गं बाळ, नंतर ऐकू.’ ज्या माणसाने आयुष्यभर सकाळचा चहा रेडिओबरोबर घेतला, त्याने ‘राहू दे’ म्हणणं आजीला आवडेना. मलाही आवडेना.

आमच्या लॅबच्या कपाटात सिनियर्सनी मिनी प्रोजेक्टसाठी बनवलेला एक व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर पडून होता. प्रत्येक चॅनेलला एक ईएल ८४ व्हॉल्व्ह, पाच वॅट. सरांनी तो न्यायला परवानगी दिली. आता खरं सांगायचं तर आज बोटाच्या पेराएवढी चिप यापेक्षा जास्त वॅट देते आणि मोजमापात जास्त स्वच्छही असते. मग व्हॉल्व्ह कशाला? कारण या अ‍ॅम्प्लिफायरला पुढे एकच मोठी गोल कळ आहे. फिरवली की चालू, अजून फिरवली की मोठा. आजोबांच्या थरथरणाऱ्या बोटांना ती सापडते. आणि त्यांना ती ओळखीची आहे!

ओळखीची म्हणजे कशी, ते त्यांनीच सांगितलं. २ ऑक्टोबर १९५३ ला पुण्याचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं. तिथूनच १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, ‘गीतरामायण’ सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत. वर्षभर दर आठवड्याला एक नवं गीत, अशी ५६ गीतं. आजोबा तेव्हा बारा वर्षांचे होते. वाड्यात रेडिओ एकाच बिऱ्हाडात होता. गीतरामायणाच्या वेळी तो दाराजवळ आणून ठेवत आणि सगळा वाडा चौकात बसून ऐकत असे. बायका, पोरं, म्हातारी माणसं, सगळे.

‘आणि शब्द कळायचे?’ मी विचारलं.

‘शब्द कळायचे म्हणजे काय! कोपऱ्यातल्या नळावर उभं राहिलं तरी कळायचे.’

आता यात एक गणित आहे, ज्याकडे माझं डोकं लगेच वळलं (सेमिस्टरमध्ये ते इतक्या लगेच वळत नाही, हे इथे सांगायची गरज नाही). त्या काळचा घरगुती रेडिओ म्हणजे साधारण पाच व्हॉल्व्हचा सेट. शेवटचा आउटपुट व्हॉल्व्ह फार तर तीन-चार वॅट द्यायचा. म्हणजे माझ्याकडे होते त्याहूनही कमी. मग एवढ्याशा वॅटमध्ये अख्खा चौक कसा भरायचा?

उत्तर स्पीकरमध्ये आहे. स्पीकरच्या माहितीपत्रकात एक आकडा असतो, जो आपण कधी वाचत नाही : सेन्सिटिव्हिटी. एक वॅट दिला तर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज येतो, तो आकडा. मराठीत याला ‘संवेदनशीलता’ म्हणतात. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये हा शब्द फक्त व्हॅल्यू एज्युकेशनच्या तासाला कानावर पडला होता, पण खरंच चपखल शब्द आहे. थोडक्यात सांगितलं तरी ज्याला पुष्कळ कळतं, तो संवेदनशील!

९२ डेसिबलचा स्पीकर म्हणजे साधारण एक टक्का कार्यक्षमता. दिलेल्या विजेपैकी एक टक्का आवाज होतो, उरलेल्या ९९ टक्क्यांची उष्णता. शंभर जणांच्या वर्गात एकच जण लेक्चर ऐकतोय असं समजा. (सर, मॅडम, हे फक्त उदाहरण आहे.) आणि हा हुशार स्पीकर झाला. आज दुकानात मिळणारे छोटे, देखणे बुकशेल्फ स्पीकर बरेचदा ८५-८६ डेसिबलचे असतात. म्हणजे पाव टक्का. चारशेच्या वर्गात एक!

जुन्या रेडिओंचे स्पीकर असे नव्हते. व्हॉल्व्हकडून एकेक वॅट काढणं महाग होतं. माझ्या ईएल ८४ चंच बघा : पाच वॅट देण्यासाठी तो स्वतः जवळजवळ बारा वॅट खातो, शिवाय फिलामेंटला पावणेपाच वॅट वेगळे. म्हणून त्या काळी वॅट वाढवण्यापेक्षा स्पीकर चांगला करत. हलका कागदी कोन, कडाही कागदाची, मागे जड चुंबक, आणि सगळं मोठ्या लाकडी पेटीत. मग ट्रान्झिस्टर आले, वॅट स्वस्त झाले आणि उधळपट्टी सुरू झाली. खरं तर स्पीकरच्या बाजूने ती वाट त्याआधीच मोकळी झाली होती. १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर व्हिलचर यांच्या अकूस्टिक रिसर्च या कंपनीने ‘एआर-१’ नावाचा स्पीकर काढला. लहान बंद पेटीतून खोल बास! पण त्याची किंमत कार्यक्षमतेत मोजावी लागली. त्याला अ‍ॅम्प्लिफायर जास्त ताकदीचा लागायचा. पुढे सगळं जग त्याच रस्त्याने गेलं.

याला एक नियमच आहे. जे. अँटन हॉफमन या अभियंत्याच्या नावाने तो ओळखला जातो. लहान पेटी, खोल बास आणि जास्त कार्यक्षमता, या तिन्हींपैकी कुठल्याही दोनच मिळतात. तिसरी सोडावी लागते. परीक्षा, झोप आणि गॅदरिंग यांच्यासारखंच.

म्हणजे मला ठरवायचं होतं, की आजोबांच्या खोलीत काय सोडायचं. कार्यक्षमता सोडून चालणार नव्हती. हे मी कागदावर मांडून पाहिलं. पलंगापासून स्पीकर दोन मीटरवर. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने कमी होतो. पण भिंती साधारण तीन परत देतात आणि दोन स्पीकर असल्यामुळे आणखी तीन मिळतात. म्हणजे वजाबाकी-बेरीज सारखीच. आजोबांना नीट ऐकू यायला सरासरी ८० डेसिबल हवेत. पण गाणं सरासरीवर चालत नाही. समेवर तबल्याची थाप पडते, गायक आवाज टाकतो, तेव्हा क्षणभर १८ डेसिबल तरी वर जातं. म्हणजे ९८. आता ८६ चा स्पीकर घेतला तर ९८ गाठायला बारा डेसिबल जास्त, म्हणजे १६ वॅट. माझ्याकडे पाच! दर थापेला आवाज फाटणार, आणि फाटलेल्या आवाजातले शब्द तर आजोबांना मुळीच कळणार नाहीत. ९४ चा घेतला तर हेच काम अडीच वॅटमध्ये होतं. व्हॉल्व्ह निम्म्या ताकदीवर राहतो, आणि त्याचं डिस्टॉर्शन पूर्ण ताकदीला सर्वांत जास्त असतं, तेही टळतं.

मग सोडायचा तो बास. आणि विचार केला तर आजोबांना अगदी खोल बास हवा कशाला? पुरुषाच्या बोलण्याचा आवाज साधारण ८५ हर्ट्झच्या वर सुरू होतो, बाईचा १६५ च्या आसपास. ८० हर्ट्झपर्यंत जाणारा स्पीकर भीमसेनजींनाही पुरतो, गीतरामायणालाही पुरतो. ज्याला सिनेमातले स्फोट ऐकायचे आहेत, त्याने वेगळा हिशेब करावा.

एवढं ठरवून मी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेले. तिथल्या एका दुकानदार काकांना म्हटलं, आठ इंची, कागदी कोनाचा, आठ ओहमचा स्पीकर दाखवा.

‘किती वॅटचा?’

‘पाच वॅटला पुरेल असा.’

‘ताई, पाच वॅटचा कोण विकतो आता? शंभरचा घेऊन जा, त्याच पैशात.’

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. स्पीकरवर लिहिलेले शंभर वॅट म्हणजे तो किती सहन करतो, तो आकडा. किती आवाज देतो, तो नव्हे. शंभर वॅट सहन करणारा स्पीकर पाच वॅटवर छान वाजू शकतो, फक्त त्याची सेन्सिटिव्हिटी चांगली हवी. त्यातही एक मेख असते. काही जण हा आकडा एका वॅटऐवजी २.८३ व्होल्टला देतात. आठ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर एक वॅट. पण स्पीकर चार ओहमचा असेल तर तो त्याच व्होल्टेजला दोन वॅट ओढतो आणि तीन डेसिबल फुकटचे दाखवतो. म्हणून आकड्याबरोबर ओहमही वाचायचे.

दुसरं, व्हॉल्व्हचा साधा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरवर घट्ट पकड ठेवत नाही. त्याचा आउटपुट इम्पिडन्स जास्त असतो, त्यामुळे स्पीकरचा इम्पिडन्स जिथे वरखाली होतो तिथे आवाजही वरखाली होतो. भरपूर कॉइल-कपॅसिटरचा क्रॉसओव्हर असलेले, मध्येच तीन ओहमपर्यंत घसरणारे स्पीकर इथे त्रास देतात. मी क्रॉसओव्हरच नसलेला, मधोमध दुसरा छोटा कोन असलेला फुल-रेंज स्पीकर घेतला. असे स्पीकर दोन-चार हजार हर्ट्झच्या भागात थोडे पुढे बोलतात. हायफायवाले याला दोष म्हणतात. पण आजोबांची निसटणारी अक्षरं नेमकी तिकडेच राहतात!

दुकानात दोन स्पीकर आळीपाळीने एकाच अ‍ॅम्प्लिफायरला, कळ न हलवता, लावून बघितले. जो मोठा वाजला तो घेतला. याहून सोपी परीक्षा नाही, आणि हिला केटीही लागत नाही.

पेट्या मात्र मोठ्या झाल्या. सुताराकडून प्लायवूडच्या करून घेतल्या, प्रत्येकी साठ लिटरच्या. घरी आणल्यावर आजी म्हणाली, ‘अगं, ही धान्याची कोठारं कुठे ठेवायची?’ जागा मी आधीच हेरली होती : खोलीचे दोन कोपरे. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून खालच्या सुरांना उचलून धरतात. हॉफमनच्या हिशेबात सोडलेला बास थोडा तरी असा परत मिळतो. लहान खोलीचा हा एक फायदा. आजीने त्यांच्यावर विणलेले रुमाल घातले आणि एका पेटीवर औषधांचा डबा ठेवला. डबा घरघरू नये म्हणून त्याच्याखाली घडी घातलेलं फडकं.

हे वाचून कुणाला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर बनवायची हुक्की आली, तर एक गंभीर सूचना. आत २५० ते ३०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते राहतात. लॅबमध्ये सरांच्या समोरच उघडा, हॉस्टेलच्या खोलीत नको. आमच्या घरी त्याला चारही बाजूंनी जाळी बसवली आहे.

स्पीकरने कान बरे होत नाहीत. आजोबांना अजूनही काही शब्द कळत नाहीत, मग ते आजीला विचारतात आणि आजी सांगते. पण ते आता ऐकतात. सकाळी कळ फिरवतात, व्हॉल्व्ह तापून आवाज यायला पाव मिनिट लागतं, तेवढ्यात चष्मा पुसतात. मी हिशेब करून त्यांना सांगितलं, की या आवाजाला सरासरी एका वॅटचा पंचविसावा भागच लागतो, बाकी सगळा तसाच शिल्लक आहे.

‘असू दे शिल्लक,’ आजोबा म्हणाले. ‘मिरवणुकीच्या रात्री उपयोगी पडेल.’

– तृतीय वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार