मधली खिडकी

दिवाळीआधी घराला रंग दिला, की भिंतीवरची वडीलधारी मंडळी चार दिवस कॉटखाली मुक्कामाला जातात. यंदा रंग वाळल्यावर मला एक लहर आली. आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांनी एका विलायती चित्राची मोठी छापील प्रत मला दिली होती. आई-वडिलांच्या तसबिरीच्या खिळ्यावर ती अडकवून मी दोन पावले मागे सरतो न सरतो, तोच ही हातात सोऱ्या घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"ही कोण मंडळी? भांडलेली दिसतात."

मी लगेच मास्तरकीच्या आवाजात माहिती सांगू लागलो. चित्रकार डेव्हिड हॉकनी. साल १९७०-७१. मूळ चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे, सुमारे सात फूट उंच आणि दहा फूट रुंद. ऑसी क्लार्क कपड्यांचा नामांकित कलाकार; त्याची बायको सीलिया बर्टवेल कापडावरची नक्षी करणारी. १९६९ साली त्यांचे लग्न झाले, तेव्हा वराचा पाठराखा म्हणून उभा राहिला होता तो हॉकनीच. चित्रात नवरा खुर्चीत रेलला आहे, पाय जाड गालिच्यात रुतलेले, मांडीवर पांढरे मांजर. बायको कमरेवर हात ठेवून उभी. दोघांच्या मध्ये उंच उघडी खिडकी, आणि तिच्यातून येणारा सगळा उजेड. मांजराचे नाव चित्राच्या मथळ्यात पर्सी असे दिले आहे; पण ते मांजर पर्सी नव्हेच, ब्लांश! पर्सी हे नाव कानाला बरे वाटले, म्हणून ते ठेवले.

"म्हणजे मांजराचंसुद्धा खोटंच," ही म्हणाली. "पुढे काय झालं त्यांचं?"

"१९७४ साली घटस्फोट."

ती काही बोलली नाही. चकल्या तेलात होत्या, ती आत गेली.

मी कॉटखालची तसबीर बाहेर काढून पुसली. काय योगायोग पाहा! वडील खुर्चीत, गुडघ्यांवर हात ठेवून. आई शेजारी उभी, खुर्चीच्या पाठीवर बोटे टेकलेली. याच लंडनमध्ये, नॅशनल गॅलरीत, व्हॅन आइकने १४३४ साली रंगवलेले आर्नोल्फिनी जोडप्याचे चित्र आहे. हॉकनीच्या डोळ्यांसमोर तेच होते म्हणतात. त्या चित्रात दोघेही उभे आहेत आणि नवऱ्याच्या हातात बायकोचा हात आहे. हॉकनीच्या जोडप्याचे हात मात्र आपापल्यापाशी आहेत. आणि दोघे पाहतात कोणाकडे? एकमेकांकडे नव्हे, तर समोर कुंचला घेऊन बसलेल्या मित्राकडे. माझे आई-वडीलही फोटोवाल्याकडेच पाहत होते. पण त्यांनी पुढे एकेचाळीस वर्षे संसार केला. तेव्हा नुसत्या बसण्या-उभे राहण्यावरून निकाल देण्यात अर्थ नाही.

हे सारे मोठ्या विद्वत्तेने मी मनाशी जुळवीत होतो, आणि खरी गोष्ट टाळीत होतो. खरी गोष्ट अशी, की गेल्या वर्षी माझी कादंबरी निघाली. तिच्यात नवरा-बायकोचे एक भांडण आहे. वाचकांनी त्याची फार वाखाणणी केली, "संवाद किती जिवंत!" अशी पत्रे आली. जिवंत असणारच. त्यातला शब्द न् शब्द आमच्या स्वयंपाकघरातला होता. हिने ते पान वाचले, पुस्तक मिटले आणि फळीवर ठेवले. तेव्हापासून आमच्यात बोलणे होते ते कामापुरते. दूध आले का, फी भरली का, रॉकेल संपल्याच्या काळातले दोन उखाणेही उरले नाहीत.

संध्याकाळी चकल्यांचा डबा भरताना ती आपण होऊन म्हणाली,

"त्या चित्रकाराने त्यांना समोर उभं तरी केलं. आपलं चित्र निघतंय, हे त्या बाईला ठाऊक होतं. मला कुठं ठाऊक होतं?"

अठरा वर्षांच्या संसारात मी पुष्कळदा निरुत्तर झालो आहे. पण इतका कधी नाही. ऑसीचे डोके हॉकनीने पुनःपुन्हा रंगवले, ते मनासारखे उतरेना म्हणून. मी मात्र हिला एका बैठकीत उतरवून मोकळा झालो होतो, आणि तेही तिच्याकडे न पाहता. आमच्या मधल्या खिडकीपाशी मी कागद घेऊन बसलो होतो. उजेड सगळा त्या कागदावर.

चित्र मी उतरवले. खिळ्यावर आई-वडील परत आले. मास्तरांची भेट आता माझ्या लिहिण्याच्या टेबलासमोर आहे. ती तिथेच हवी.

पाडव्याला मी पाटावर बसेन आणि ही तबक घेऊन समोर उभी राहील. बसलेला नवरा, उभी बायको, मांडणी तीच. फरक एवढाच, की ओवाळताना नजर दुसरीकडे नेता येत नाही. यंदा ओवाळणीत नोटेबरोबर नव्या कादंबरीची वही ठेवायची, असे मी ठरवले आहे. छापखान्याच्या आधी तिने वाचावी.

हा लेखही तिला वाचून दाखवला. तिने दोन वाक्ये खोडली. ती कोणती, हे मी सांगणार नाही.