लसीकरणाच्या वहीतून

प्लेगवरची लस ती तयार करणारे शास्त्रज्ञ हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना. कैद्यांची संमती कितपत मोकळी असणार, हा प्रश्न मला आजही सलतो.

*

त्याच वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हुकमाने सोजीर रुग्ण शोधायला घरांत शिरत होते. लोक आजारी माणसं लपवू लागले.

*

मुलकोवाल, पंजाब, ऑक्टोबर १९०२. एकाच बाटलीतून प्लेगची लस घेतलेली १९ माणसं धनुर्वाताने गेली. ठपका हाफकिन यांच्या परळच्या प्रयोगशाळेवर. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला, हे पुढे आलं. तरी हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. चौकशी रेंगाळली की अफवेचं फावतं.

*

जानेवारी २०११ मध्ये हावड्यात पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण सापडला. त्याआधी पश्चिम उत्तर प्रदेशात नकार देणारी घरं वळली ती गावातल्याच मौलवींनी समजावल्यावर.

*

३१ जानेवारी २०२१, यवतमाळच्या घाटंजी तालुक्यातलं एक गाव. पोलिओच्या थेंबांऐवजी १२ मुलांच्या तोंडात सॅनिटायझर गेलं. मुलं बचावली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. पोलिओच्या कुपीवर उष्णता दाखवणारा छोटा चौकोन असतो. थेंब देण्याआधी तो पाहायचा असतो. तेवढं पाहिलं असतं तरी चूक तिथेच थांबली असती. प्रशासनाने ती झाकली नाही, हे मात्र मी मोठं मानते.

*

पेंटाव्हॅलंट ही पाच रोगांवरची लस दिली की बाळाला रात्री ताप येऊ शकतो. नर्सताईंनी आईला चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली, काय त्रास होईल, पुढे कधी यायचं, कार्ड जपून ठेवायचं. गर्दीत दुसरी गोष्ट राहून जाते. मग घरात कुणी म्हणतं, "चांगल्या पोराला आजारी पाडलं." पुढचा डोस हुकतो. अशा आईला अडाणी म्हणणं अन्यायाचं आहे.

*

२ मे २०२२. कोविडच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, लस कुणावर बळजबरीने लादता येणार नाही. लसीनंतरच्या त्रासाच्या नोंदी लोकांसमोर ठेवा, हेही त्याच निकालात आहे. चर्चा पहिल्याची झाली. मला दुसरं जास्त मोलाचं वाटतं.

*

आरोग्य खात्याला विनंती: लसीनंतरच्या प्रत्येक गंभीर घटनेचा चौकशी अहवाल, नावं वगळून, मराठीत, त्या भागातल्या उपकेंद्राच्या भिंतीवर लावा.