जुन्या वस्तूची हमी

पेडणे-डिचोलीकडील आपल्या जुन्या घराण्यांनी वापरलेली वस्तू विकत घेण्यात कधी कमीपणा मानला नाही. मात्र ती बिघडली की, ‘जुनीच ती, तक्रार कसली?’ असे म्हणून गप्प बसण्याची सवय जडली. आमचा आक्षेप या सवयीला आहे.

माल जुना म्हणून कायदा पाठ फिरवीत नाही. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार व्यापाऱ्याने वर्णन करून विकलेला माल विक्रीयोग्य असावा लागतो. तपासून घेतलेल्या मालात सहज दिसणारा दोष खरेदीदाराच्या माथी. आत दडलेला दोष नव्हे.

मागील चवथीपूर्वी आमच्या पुतण्याने एका दुकानातून जुना फ्रीज आणला. आठवड्यातच तो बंद पडला आणि दुकानदाराने हात वर केले. परंतु पावतीवर ‘कंप्रेसर नवीन’ हे दोन शब्द होते. त्यांचा हवाला देऊन पत्र धाडताच कंप्रेसर बदलून मिळाला. न मिळता, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोग होताच. तेथे दोन वर्षांपर्यंत दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्क पडत नाही.

शेजाऱ्याकडून घेतलेल्या वस्तूला मात्र आयोगाचा आधार नाही, कारण शेजारी व्यापारी नव्हे. तेथे लेखी शब्दच कामी येतो, आणि नेमका तेथेच आपण भिडेपोटी कागद मागत नाही. लिहून घेतल्याने शेजार तुटत नाही. न लिहिल्याने तुटलेले शेजार आम्ही पाहिले आहेत.