पहार, घण आणि पायवाट

दोस्तांनो, समजा एखाद्या नोकरीच्या जाहिरातीत लिहिलंय : 'कष्ट भरपूर, पगार थोडा, हाल बेसुमार... आणि आणखीही बरंच काही!' कराल अर्ज? तुमचे आईबाबा तर ती जाहिरात घडी घालून सरळ रद्दीत टाकतील. पण अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात एका सरकारी दलाचं हे चक्क ब्रीदवाक्य आहे! आणि १९७६ पासून लाखाहून जास्त तरुण-तरुणींनी त्या दलात काम केलंय. दलाचं नाव 'कॅलिफोर्निया कॉन्झर्वेशन कोअर'. आपण त्याला 'निसर्गरक्षक दल' म्हणू या.

चला तर, नकाशा उघडा. अमेरिकेचा पश्चिम किनारा शोधा. तिथून पूर्वेकडे सरकलात की सिएरा नेवाडा ही पर्वतरांग लागेल. या रांगेतच योसेमिटी राष्ट्रीय उद्यान आहे. ग्रॅनाइटचे उभे कडे, आभाळात घुसलेली देवदारासारखी झाडं आणि ७३९ मीटर उंचीवरून तीन टप्प्यांत कोसळणारा धबधबा! हे सगळं बघायला दरवर्षी लाखो माणसं येतात. येतात म्हणजे चालतात. आणि चालतात म्हणजे पायवाटा झिजतात.

आता तुम्ही म्हणाल, पायवाट ती काय झिजणार? झिजते, बरं का! आणि तिचा खरा शत्रू आपले पाय नव्हेत, तर पाणी. वसंतात डोंगरावरचं बर्फ वितळतं. पाण्याला उतार हवा असतो आणि पायवाट म्हणजे आयती घसरगुंडीच. पाणी वाटेवरची माती घेऊन जातं, वाटेचा ओहोळ होतो. मग चिखल चुकवायला लोक शेजारच्या गवतातून चालू लागतात. तिथलं गवत मरतं, तिथेही माती वाहते. एका वाटेच्या दोन होतात, दोनाच्या चार! डोंगरातल्या हिरव्यागार कुरणांवर असे चरे पडले की ते भरून यायला कित्येक वर्षं जातात.

म्हणून १९७९ पासून या दलाच्या तुकड्या दर उन्हाळ्यात चार-सहा महिने डोंगरात राहायला जातात. एका तुकडीत पंधरा-वीस जण. मुलंही आणि मुलीही. वय १८ ते २५. राहायचं तंबूत. तिथे मोटारीचा रस्ता नाही, टीव्ही नाही. पीठ, बटाटे, अवजारं आणि घरची पत्रंसुद्धा खेचरांच्या पाठीवरून येतात. खेचरांचा तांडा दिसला की सगळ्यांचं लक्ष आधी कशाकडे जात असेल, ओळखा पाहू!

आणि हो, तिथे अस्वलं आहेत. त्यांचं नाक भलतंच तिखट. त्यामुळे नुसता खाऊच नाही, तर साबण आणि दात घासायची पेस्टसुद्धा अस्वलाला उघडता येणार नाही अशा लोखंडी पेटीत ठेवावी लागते. जून-जुलैत डासांचे थवेच्या थवे येतात. दुपारी अचानक गडगडाट होऊन गारा पडतात. ब्रीदवाक्यातले 'हाल' ते हेच!

काम मात्र बघण्यासारखं असतं. वाटेवर तिरपे दगड रोवायचे, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता बाजूला वळतं. चढावर दगडी पायऱ्या बसवायच्या. दरीच्या बाजूने चुना-सिमेंट न वापरता दगडावर दगड रचून भिंत घालायची. कोकणातल्या वाचकांना हे सांगायलाच नको, त्यांच्या वाडीभोवतीचा गडगा असाच तर असतो! हत्यारं म्हणजे पहार, घण, छिन्नी, कुदळ. योसेमिटीचा बहुतेक भाग कायद्याने 'रान' म्हणून राखलेला आहे. तिथे यंत्रं शक्यतो वापरायची नाहीत. आडवं पडलेलं झाड दोघांनी दोन टोकांना धरून लांब करवतीने कापायचं. एकाने ओढलं की दुसऱ्याने ढकलायचं नाही, नुसतं सैल सोडायचं. ढकललं की पातं वाकतं. ही गोष्ट पुस्तकात वाचून कळत नाही. जोडीदाराचा हात ओळखावा लागतो.

पाचशे किलोचा दगड असला तर चौघे-पाचजण पहारी लावून तो बोट-बोट सरकवतात. तो नीट बसला की त्यावर उड्या मारून बघायचं. हलला? काढा आणि पुन्हा बसवा! एकेका पायरीपायी अख्खा दिवस जाऊ शकतो.

या दलाची कल्पना मात्र जुनी. १९३३ मध्ये अमेरिकेत महामंदी होती. दर चार कामकऱ्यांमागे जवळजवळ एक बेकार. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी बेकार तरुणांना छावण्यांमध्ये ठेवून जंगलाची कामं दिली. महिना ३० डॉलर, त्यातले साधारण २५ परस्पर घरी! १९४२ पर्यंत सुमारे ३० लाख तरुणांनी ३०० कोटींवर झाडं लावली. त्या दलात मुलींना मात्र जागा नव्हती. १९७६ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी कॅलिफोर्नियात नवं दल उभारलं, तेव्हा ती चूक सुधारली.

दलातले सगळेच काही डोंगरात जात नाहीत. अनेकजण दलाच्या वसतिगृहांत राहतात. तिथून ते वणवे विझवायला, पुरात वाळूची पोती रचायला धावतात. १९८९ च्या मोठ्या भूकंपातही ते मदतीला होते. यातल्या काहींची शाळा अर्ध्यात सुटलेली असते. त्यांना दिवसभराच्या कामाबरोबर शाळेचा अभ्यासही पुरा करावा लागतो. परीक्षेत मागे पडलेला मुलगा इथे दगड बसवण्यात पहिला येतो, आणि मग त्याला वाटू लागतं, 'अरे, आपल्यालाही जमतं की!' पालकांनो, ब्रीदवाक्यातलं 'आणखीही बरंच काही' म्हणजे बहुधा हेच असावं.

आता तुमच्यासाठी एक काम. पुढच्या वेळी गडावर जाल तेव्हा वाटेकडे जरा बघा. पाणी कुठून वाहिलंय? कुणी वळण टाळून सरळ उतरल्यामुळे नवा चरा पडलाय का? दिसला, तर त्यातून उतरू नका. चार पावलं जास्त पडली तरी चालतील, वळणावळणानेच या.