रंग खरा की भरलेला?

गेल्या डिसेंबरात आमच्या वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेत मी मुलांना देवयानी दीर्घिकेचे छायाचित्र दाखवले. मी स्वतः काढलेले. जांभळ्या कडा, मध्ये झगझगीत सोनेरी गाभा. मुले खूश झाली. आठवीतल्या एका मुलीने मात्र विचारले, "काका, हा रंग खरा की तुम्ही भरलेला?"

"खराच आहे," असे म्हणून मी विषय बदलला. पण रात्री झोप येईना. छान दिसावे म्हणून संगणकावर जांभळा रंग मी मुद्दाम चढवला होता. 'कुणी सांगितले म्हणून मानू नका, पुरावा मागा' असे मी दर रविवारी याच मुलांना सांगतो. त्यांतल्याच एकीने पुरावा मागितला, तेव्हा मी खोटे बोललो.

मी बी.कॉम. झालेला कारकून. दिवसभर व्हाउचर तपासतो. आकाशाचा नाद मला उशिरा लागला, पण महाराष्ट्रात तो जुना आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आणि मुंबईचे खगोल मंडळ १९८५ पासून हौशी माणसांना आकाश दाखवीत आले आहे. पतसंस्थेचे कर्ज काढून मी लहान दुर्बीण आणि वापरलेला कॅमेरा घ्यायला निघालो, तेव्हा घरची म्हणाली, "अहो, आधी पोरीची फी भरा." फी भरली आणि मगच दुर्बीण घरात आली.

हा कॅमेरा रंग ओळखत नाही, उजेड किती आला एवढेच मोजतो. त्याच्यापुढे एका चकतीत चार फिल्टर असतात. तांबडा, हिरवा आणि निळा फिल्टर आपापल्या रंगाचाच उजेड आत सोडतो. चौथ्याला ल्युमिनन्स म्हणतात. तो डोळ्याला दिसणारा सगळा उजेड सोडतो. माणसाच्या डोळ्याला बारकावे कळतात ते मुख्यतः उजेड-अंधाराच्या फरकावरून. म्हणून जास्त वेळ या चौथ्याला द्यायचा, रंगांना थोडा कमी दिला तरी भागते.

नाशिक शहराच्या झगमगाटात हे काम नीट होत नाही. मी त्र्यंबकच्या पुढे हरसूलकडे एका पाहुण्यांच्या शेतात जातो. आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे २० अंश वर दिसतो. त्याच्या अंदाजाने दुर्बिणीचा आस लावला, की मोटार तिला ताऱ्यांबरोबर हळूहळू फिरवते. त्या रात्री ल्युमिनन्सची दोन-दोन मिनिटांची ६० छायाचित्रे घेतली आणि प्रत्येक रंगाची २०. चार तास झाले. दव पुसता पुसता बोटे गारठली. ही सगळी छायाचित्रे एकावर एक रचली, की कॅमेऱ्याची खरखर कमी होते आणि अंधुक भुजा वर येतात.

त्या उजेडाला इथे पोहोचायला सुमारे २५ लाख वर्षे लागली आहेत. देवयानी आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे, हे एडविन हबल यांनी १९२३ मध्ये टिपलेल्या एका ताऱ्यावरून सिद्ध झाले. ती काचेची प्लेट काळी-पांढरीच होती. एवढा मोठा वाद मिटवायला रंगाची गरज पडली नाही. मग मला तो चढवायची काय घाई होती?

पुढच्या रविवारी मी मुलांसमोर चूक कबूल केली. त्या मुलीला शेजारी बसवून चारही फिल्टरची मूळ छायाचित्रे उघडली. रंगांचे प्रमाण अंदाजाने लावायचे नसते. सूर्यासारख्या ताऱ्याचा उजेड पांढरा धरायचा आणि त्यावरून तिन्ही रंगांचा मेळ बसवायचा. तसे केले, तर जांभळा गेला. भुजांवर फिकट निळसर छटा राहिली, कारण तिथे तरुण, अतिशय तप्त तारे आहेत. गाभा पिवळसर झाला, तिथे जुन्या ताऱ्यांची दाटी आहे.

"एवढंच?" एक मुलगा हिरमुसून म्हणाला.

"एवढंच, पण खरं," मी म्हणालो. डोळ्याने दुर्बिणीतून पाहिले, तर हेही रंग दिसणार नाहीत, करडा ढगच दिसेल. इतक्या मंद उजेडात आपला डोळा रंग ओळखूच शकत नाही. रंग मोजून मिळतो, आणि मोजलेल्याची मूळ नोंद जपून ठेवावी लागते. आमच्या कचेरीत व्हाउचरशिवाय रक्कम मंजूर होत नाही, तसेच हे.

मुलीने विचारले, "मग पहिला फोटो फाडायचा का?"

मी नको म्हणालो. आज अभ्यासिकेच्या भिंतीवर दोन्ही छायाचित्रे शेजारी-शेजारी लावली आहेत. खाली तिने आपल्या हाताने लिहिले आहे: 'भरलेला' आणि 'मोजलेला'.

पालकांनो, मूल असा प्रश्न विचारील तेव्हा त्याला गप्प करू नका. आपलीच चूक निघाली तरी चालेल.