आज बदली मिळाली?

आमच्या लहानपणी परळ-लालबागच्या चाळीत कुणाची चौकशी झाली की उत्तरात आधी गिरणी यायची, मग खातं. अमका साचाखात्यात, तमका रिंगखात्यात. आडनाव, गाव, मुलंबाळं हे सगळं मागाहून. कापसाचं सूत आणि सुताचं कापड कसं होतं, हे आम्हा पोरांना शाळेत शिकवावं लागलं नाही. ब्लो रूम, कार्डिंग, रिंग, वाइंडिंग, साचा हा क्रम पाढ्यांबरोबरच पाठ झाला, कारण मजल्यावरच्या एकेका खोलीत एकेक खातं राहत होतं. खोल्या दहा बाय बाराच्या, माणसं तीन पाळ्यांची. पहिली पाळी सकाळी सातला, दुसरी दुपारी साडेतीनला, तिसरी रात्री बाराला. एक उठायचा तोवर दुसरा येऊन त्याच्याच अंथरुणावर आडवा व्हायचा. घड्याळ कुणाकडे असलं तरी ते गिरणीच्या भोंग्यावर लावून घेतलेलं.

माझे वडील, आप्पा, साचेवाले. चार साचे, म्हणजे माग, सांभाळायचे. त्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही म्हणून खात्यात सगळे हातवाऱ्यांनी बोलत, आणि आप्पा घरीही तसेच बोलायचे. मीठ हवं असेल तर दोन बोटं चोळायची. आम्ही त्यांच्याशी ओरडून बोलायचो आणि गावाहून आलेल्या पाहुण्यांना वाटायचं, या घरात कायम भांडण चालू आहे. लग्नाला गेले की वराच्या बापाच्या सदऱ्याचं टोक दोन बोटांत धरून बघायचे. आई लाजेने अर्धी व्हायची. पण पॉपलिन कुठल्या गिरणीचं, हे आप्पा टोक धरून सांगायचे, आणि आपल्या गिरणीचं निघालं तर जेवणाच्या पंगतीत दोनदा सांगायचे. आपण विणलेलं कुणाच्या तरी अंगावर आहे, याचा त्यांना असा काही अभिमान होता, की पुढे नोकरी लागल्यावर मी तसा अभिमान स्वतःत शोधून पाहिला. सापडला नाही.

आता वय झाल्यावर ते सगळं गोड करून सांगायचा मोह होतो, म्हणून हेही सांगायला हवं. नाकातोंडात कापसाची तूस जायची, चाळिशीतच खोकला बसायचा. जॉबरची, म्हणजे मुकादमाची, मर्जी सांभाळावी लागायची. आणि ज्या साचाखात्याचा आप्पांना एवढा अभिमान, त्या खात्याचं दार सगळ्यांना उघडं नव्हतं. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे. विटाळाच्या नावाखाली दलित कामगारांना कितीतरी वर्षं या जास्त मजुरीच्या खात्यात शिरू दिलं नाही. 1928च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. आमच्या मजल्यावर कॉम्रेडांची भाषणं पाठ असणारे लोक होते, पण हा विषय निघालेला मला आठवत नाही. गिरणगावातलं आपलेपण खरं होतं, आणि कुणाला आत घ्यायचं हे आधी ठरवून मगच ते वाटलं जायचं.

आमच्या घरात तर त्या आपलेपणाच्या दोन्ही बाजू एकाच ताटात जेवायच्या. आप्पा कायम, काका बदली. हात तोच, काम तेच, खोकलाही तोच. पण काकाने रोज फाटकाशी जाऊन उभं राहायचं. कुणी गैरहजर असला तर त्याच्या जागी आत जायचं, नाहीतर परत. संध्याकाळी त्याला पहिला प्रश्न ठरलेला असायचा: आज बदली मिळाली? पुढे पुढे काकूने तो विचारणं सोडलं. ती डबा हातात घेऊन वजनाचा अंदाज घ्यायची. मग बदली न मिळाल्याच्या दिवशी काका थेट घरी यायचाच नाही. राणीच्या बागेत जाऊन बसायचा, तिथेच डबा खायचा आणि पहिली पाळी सुटली की गिरणीतून आलेल्या माणसांच्या लोंढ्यात मिसळून चाळीत शिरायचा. हे आम्हा पोरांना ठाऊक होतं, कारण पिंजऱ्यातली माकडं बघायला गेलो असताना आम्ही त्याला पाहिलं होतं. त्याने आम्हाला चणे घेऊन दिले. कुणाला सांगू नका, असं तो म्हणाला नाही, तरी आम्ही सांगितलं नाही.

काका तापट होता, रात्री झोपायचा नाही, असं सगळे म्हणत. स्वभाव, म्हणत. आप्पा मात्र शांत, समजूतदार. माझी आता खात्री आहे, की त्या दोघांच्या स्वभावातला निम्मा फरक तरी हजेरीपटाने घडवलेला होता.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. साठेक गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणं आणि कायद्याने मान्यता मिळालेली पण कामगारांना नकोशी झालेली युनियन, हे त्यातले मोठे मुद्दे. संपाच्या त्या पहिल्या वर्षाबद्दल बाहेरच्यांना वाटतं की ते फार दुःखाचं असणार. पोट रिकामं होतं हे खरं. गावाहून तांदळाचं पोतं यायचं, ते चार बिऱ्हाडांत वाटलं जायचं. आईच्या बांगड्या गेल्या. पण माणसं खचलेली नव्हती. सकाळी उठून मोर्चाला जायचं, दुपारी धान्याच्या रांगेचं बघायचं, रात्री गल्लीत सभा. काका तर कधी नव्हे तो शांत झोपू लागला. मोर्चात कायम आणि बदली अशा वेगळ्या रांगा नव्हत्या.

खचली ती माणसं नंतर. संप मागे घेतल्याचं आजवर कुणी अधिकृतपणे जाहीर केलेलं नाही; तो नुसता विरत गेला. कुणी आत गेले, कुणी गावी, लाखाहून जास्त लोक कायमचे बाहेर राहिले. आप्पा सहाला उठायचे, दाढी करायचे, कपडे घालायचे आणि गॅलरीत बसायचे. चहा प्यायला अर्धा तास. कोपऱ्यावर जाऊन पेपर आणायला तास. घरात हातवारे करणंही त्यांनी सोडलं.

खूप वर्षांनी मानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी केलेल्या एका अभ्यासाविषयी वाचलं, तेव्हा मला ही गॅलरी दिसली. व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल गावातली कापडगिरणी 1929च्या सुमारास बसली आणि अख्खं गाव बेकार झालं. हे अभ्यासक तिथे जाऊन माणसांच्या चालण्याचा वेगसुद्धा मोजत होते. पुरुष हळू चालत, वाटेत पुन्हा पुन्हा थांबत. बायका त्यांच्यापेक्षा भरभर चालत. हाताशी वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घटली होती. 1933 साली ते पुस्तक निघालं. पगाराखेरीज काम माणसाला काय देतं, याचा विचार याहोडा पुढे अनेक वर्षं करत राहिली: दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, सगळ्यांनी मिळून करायची एखादी गोष्ट, चारचौघांत ओळख, हातपाय हलते राहणं. आप्पांचं यातलं काहीच उरलं नव्हतं आणि आम्ही सगळे चर्चा मात्र पगाराची करत होतो.

आमच्याकडे अशा खचण्याला आजार म्हणायची पद्धत नव्हती. केईएम रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर, पण तिथे लोक जायचे पोटदुखी, छातीतली धडधड आणि झोप लागत नाही म्हणून. बाकी मग ‘खचला’, ‘डोक्यात गेलं त्याच्या’, नाहीतर ‘दारूने खाल्ला’. दारू आधी की खचणं आधी, हे कुणी विचारलं नाही.

नातेवाइकांनी खटपट करून आप्पांना वॉचमनची नोकरी लावून दिली. पगार नियमित, काम बसून. सगळ्यांना वाटलं, सुटलो. बारा तास एका इमारतीच्या दाराशी एकटंच खुर्चीवर बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला उठून सलाम करायचा. चार साचे एका नजरेत ठेवणाऱ्या माणसाला लक्ष ठेवण्यासारखं काहीच नव्हतं. ते दिवसेंदिवस वाळत गेले. त्यांना थोडीफार टवटवी यायची ती मंगळवारी, भजनी मंडळात. तिथे मृदंगाच्या शेजारची जागा त्यांची, आणि ते आल्याशिवाय पहिला अभंग धरत नसत.

आणि काका? सगळ्यांनी ज्याची आशा सोडली होती, तो सावरला. दादरच्या बाजारात पहाटे भाजी घेऊन फुटपाथवर बसू लागला. कमाई आप्पांच्या पगाराहून कमी, पोलिसांचा आणि पालिकेच्या गाडीचा त्रास वेगळा. पण शेजारची मिरचीवाली त्याला उशीर झाला तर गोणपाट टाकून त्याची जागा धरून ठेवायची. एक दिवस गेला नाही तर दुसऱ्या दिवशी चारजण विचारायचे, काल कुठे होतास? आयुष्यभर दुसऱ्याच्या गैरहजेरीवर जगलेल्या माणसाची गैरहजेरी कुणाच्या तरी लक्षात येत होती. तो रात्री घोरू लागला, अशी काकूची तक्रार.

माझा पुतण्या आज गिरणीच्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या एका काचेच्या इमारतीत कामाला आहे. गळ्यात पट्टा, दर अकरा महिन्यांनी नवा करार. तिथे वर्षातून एकदा मानसिक आरोग्यावर व्याख्यान होतं, आपण सगळे एक कुटुंब आहोत असं सांगतात आणि केळं देतात. व्याख्यान चांगलं होतं, असं तो म्हणाला. करार पुढे वाढेल की नाही, हे मात्र त्या कुटुंबातल्या कुणाला सांगता येत नव्हतं. मला राणीची बाग आठवली. त्याला काही बोललो नाही.

राहिली आई. संपाच्या आधीपासून तिची खानावळ होती, गावाकडची दहाबारा माणसं जेवायला. गिरणगावात अशा कितीतरी बायका होत्या. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते त्यांच्यासाठीच. या बायकांना कामगार म्हणून कुणी मोजलं नाही, पण गिरण्या बंद पडल्यावर कितीतरी घरं त्यांच्या चुलीवर उभी राहिली. आईच्या पंगतीला माणसं कमी झाली, मग तिने डबे सुरू केले. तिलाही सगळं सोसावं लागलं. पण गॅलरीत बसायला तिला कधी सवडच मिळाली नाही, आणि ही काही फार अभिमानाने सांगायची गोष्ट आहे असं मला वाटत नाही. ती थकायची आणि त्या थकण्याला घरात कुणी नाव दिलं नाही.

आता ती पंचाहत्तरीची आहे. तीन ऑफिसातल्या पोरांना अजून डबे देते. गुडघे गेलेत, डॉक्टर रागावतात, मीही दर रविवारी तेच सांगतो. मागच्या रविवारी म्हणाली, “तू आठवड्यातून एकदा विचारतोस, आई, कशी आहेस? ती पोरं रोज विचारतात, मावशी, आज भाजी कसली? त्यांना उत्तर द्यावं लागतं बाबा.” मी म्हटलं, निदान पोळ्या तरी बाहेरून घे. त्यावर तिने बाहेरच्या पोळ्यांबद्दल बरंच काही ऐकवलं आणि या महिन्यापासून डब्यामागे दहा रुपये वाढवलेत, हेही सांगितलं.